कॉमिकच्या करारावर सही करताय? आधी हक्क आणि रॉयल्टीचं हे सगळं बघून घ्या

आपल्या कोल्हापुरात चित्र काढणाऱ्या पोरापोरींची कमी कधीच नव्हती, बाबूराव पेंटरांचं गाव आहे हे. आता त्यातली बरीच जण टॅबवर कॉमिक काढायला लागलीत, इन्स्टावर पानं टाकतात, शाहू स्मारकला प्रदर्शनात प्रिंट लावतात, आणि मग कधीतरी मुंबईच्या नाहीतर दिल्लीच्या कुठल्या प्रकाशकाचा किंवा ॲपवाल्याचा मेसेज येतो की तुमचं कॅरॅक्टर आवडलं, करार मेल केलाय, उद्यापर्यंत सही करून पाठवा. हा उद्यापर्यंतचा जो वेळ असतो ना, त्या वेळात काय काय बघायचं ते इथं लिहितोय. चार दिवस मागून घ्या, खुशाल मागा, ज्याला खरंच काम हवंय तो चार दिवस थांबतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. कॉमिकच्या धंद्यातले जे मोठमोठे खटले झाले त्यात कोर्टानं कुणी किती जीव ओतला हे फारसं विचारलंच नाही, पहिल्या पैशाच्या वेळी कागदावर काय लिहिलं होतं आणि काम कुणाच्या सांगण्यावरून झालं होतं हेच विचारलं. सुपरमॅन काढणारे जेरी सिगल आणि जो शुस्टर यांनी १९३८ मध्ये १३० डॉलरला सगळे हक्क डीसी कॉमिक्स कंपनीला लिहून दिले. १९४७ मध्ये कोर्टात गेले, पुढच्या वर्षी थोडे पैसे घेऊन तडजोड करावी लागली, कॉमिकवरचं नावही गेलं, आणि म्हातारपणी १९७५ मध्ये, लोकांनी आवाज उठवला तेव्हा, कंपनीनं दोघांना वर्षाला २० हजार डॉलर पेन्शन आणि नाव परत दिलं. वारस पुढं लढत राहिले, २०१३ मध्ये अपील कोर्टाचा निकाल कंपनीच्याच बाजूनं गेला. आणि ज्या चेकनं ते १३० डॉलर दिले होते तो नुसता चेक २०१२ मध्ये लिलावात १ लाख ६० हजार डॉलरला विकला गेला. हे वाचलं की मला अजून त्रास होतो.

मार्व्हल कंपनीचे बरेच हिरो काढणाऱ्या जॅक कर्बीच्या वारसांचं पण तसंच. अमेरिकेत जुने हक्क ठरावीक वर्षांनी परत मागता येतात, त्या कायद्याखाली त्यांनी २००९ मध्ये मार्व्हलला नोटिसा दिल्या, पण २०११ ला आणि परत २०१३ ला कोर्टानं सांगितलं की हे काम कंपनीच्या सांगण्यावरून आणि कंपनीच्या पैशानं झालेलं, म्हणजे मालक पहिल्यापासून कंपनीच, परत मागायला काही उरतच नाही. शेवटी सप्टेंबर २०१४ मध्ये, सुप्रीम कोर्ट हे प्रकरण ऐकायचं का ते ठरवणार त्याच्या तोंडावर, तडजोड झाली.

आता महत्त्वाचं म्हणजे आपल्याकडं ती इतक्या वर्षांनी परत मागायची सोय नाहीच. पण आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात दुसऱ्या काही तरतुदी आहेत ज्या कलाकाराच्या लई फायद्याच्या आहेत, फक्त बहुतेक करारात एखादी ओळ घालून त्या काढून टाकलेल्या असतात. ती ओळ शोधायची, हेच तुमचं खरं काम.

तुम्ही नोकर का बाहेरचे

कलम १७ बघा. महिन्याच्या पगारावर स्टुडिओत नोकरीला असाल आणि नोकरीचं काम म्हणून काढलं असेल तर, वेगळा करार नसेल तर, पहिला मालक स्टुडिओ. बाहेरून फ्रीलान्स काम करत असाल तर साधारणपणे पहिले मालक तुम्ही, आणि समोरच्याला हक्क हवे असतील तर ते तुमच्याकडून लेखी घ्यावे लागतात. पण त्यात एक गोम आहे, पैसे देऊन कुणी पेंटिंग किंवा पोर्ट्रेट काढून घेतलं तर ज्यानं काम सांगितलं त्यालाच कायदा पहिला मालक धरतो. कॉमिकचं आतलं पान याच्यात बसतं का यावर वकील वाद घालू शकतात, पण रंगवलेलं कव्हर बसवायचा प्रयत्न नक्की होईल. म्हणून एक सरळ वाक्य घालून घ्या, की या कामातल्या सर्व कलाकृतींचा पहिला मालक चित्रकार आहे. वेगळं ठरवायची मुभा कायद्यानंच दिलीय.

पेपरात नोकरीला असणाऱ्या व्यंगचित्रकारांना एक गोष्ट बहुतेक माहीतच नसते. रोजची पट्टी तुम्ही पेपरचे नोकर म्हणून काढली तरी, करारात वेगळं काही लिहिलं नसेल तर, पेपरची मालकी फक्त पेपरात-मासिकात छापण्यापुरती असते. त्याच पट्ट्यांचं पुस्तक, टीशर्ट, ॲनिमेशन याचे हक्क तुमच्याकडंच राहतात. तेव्हा अपॉइंटमेंट लेटर कपाटातून काढा आणि वाचा.

आणि टीडीएस कुठल्या नावाखाली कापतात तेही बघत जा, इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर तुमच्या टीडीएसच्या हिशोबात दिसतं. बाहेरचा माणूस म्हणून काम करताय आणि पैसे पगार म्हणून दाखवले जातायत तर लगेच मेल टाकून दुरुस्त करायला सांगा, उद्या हाच कागद तुम्ही नोकर होता म्हणून तुमच्यासमोर ठेवला जाईल. व्हाउचरचं पण तेच. अमेरिकेत एके काळी चेकच्या मागंच छापलेलं असायचं की पैसे घेतले म्हणजे सगळे हक्क दिले, आणि चेक वटवायला मागं सही करावीच लागायची. आपल्याकडं असलं वाक्य व्हाउचरवर नाहीतर इनव्हॉइसच्या नमुन्यात बारीक अक्षरात येतं. खोडा आणि मग सही करा.

कलम १९ एकदा बसून वाचाच

हक्क देणं म्हणजे असाइनमेंट, ती लेखी आणि सही केलेली लागते, फोनवर हो म्हटलं म्हणून हक्क जात नाहीत. त्या कागदात कुठलं काम, कुठले हक्क, किती वर्षांसाठी, कुठल्या भागासाठी आणि रॉयल्टी किंवा मोबदला किती हे लिहिलेलं पाहिजे. आता गंमत बघा, मुदत लिहिलीच नसेल तर कायदा ती ५ वर्षं धरतो. भाग लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि हक्क घेऊन समोरच्यानं १ वर्षात ते वापरलेच नाहीत तर ते हक्क संपले असं मानलं जातं, करारात वेगळं लिहिलं नसेल तर. लायसन्सला, म्हणजे मालकी न देता नुसती वापरायची परवानगी देण्याला, पण हेच कलम जरुरीपुरता फरक करून लागतं.

म्हणून प्रकाशकाच्या वकिलानं काय केलेलं असतं, तर 'कायमस्वरूपी, संपूर्ण जगात' एवढे शब्द घातलेले असतात, आणि पुढं कुठंतरी 'कलम १९(४) लागू होणार नाही' अशी एक ओळ. या दोन जागा सापडल्या की निम्मं काम झालं. ती १९(४) ची ओळ काढायला सांगा, कारण ती राहिली तर तुमचं कॅरॅक्टर घेऊन कुणी दहा वर्षं कपाटात ठेवलं तरी तुम्ही दुसरीकडं जाऊ शकत नाही. कायमस्वरूपीच्या जागी ५ किंवा ७ वर्षं मागा, जगाच्या जागी भारत, आणि सगळ्या भाषांच्या जागी मराठी, जास्तीत जास्त मराठी आणि हिंदी. बाकीच्या भाषा नंतर वेगळ्या पैशात देता येतात.

शक्य असेल तर असाइनमेंट द्यायचीच नाही, लायसन्स द्यायचं. घर विकणं आणि भाड्यानं देणं यात जेवढा फरक तेवढाच इथं. प्रकाशकाला पुस्तक छापायला आणि विकायला लायसन्स पुरतं, मालकी त्याला कशाला लागते हे त्यालाच विचारा. बऱ्याचदा उत्तर येतं की आमचा फॉरमॅटच तसा आहे. मग म्हणायचं की या कामापुरता बदला.

माध्यमांची यादी नीट वाचा. छापील पुस्तक, ई-बुक, वेबटून, मोशन कॉमिक, ऑडिओ, सिनेमा, सिरीज, गेम, खेळणी-कपडे, प्रत्येकाचा हक्क वेगळा आहे आणि वेगळा विकता येतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कलम १८ असं सांगतं की करार करताना जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं किंवा व्यापारी वापरात नव्हतं, त्याचे हक्क, त्या माध्यमाचा स्पष्ट उल्लेख नसेल तर, दिले गेलेत असं धरता येत नाही. तरीसुद्धा 'पुढं शोध लागतील ती सर्व माध्यमं' असं असेल तर काढून टाका, वाद कशाला शिल्लक ठेवायचा. आणि एआय ट्रेनिंगला ही चित्रं वापरायची नाहीत, तुमच्या शैलीत मशीननं नवीन पानं तयार करून त्याच सिरीजमध्ये घालायची नाहीत, हे आता स्वतंत्र वाक्यात लिहून घेतलंच पाहिजे.

टक्के कशाचे?

सगळ्यात जास्त फसवणूक इथं होते म्हणून जरा सावकाश सांगतो. करारात १० टक्के लिहिलंय हे बघून खूश होऊ नका, कशाचे १० टक्के ते बघा. समजा पुस्तकाची किंमत २०० रुपये आणि हजार प्रती विकल्या गेल्या. छापील किमतीवर १० टक्के असेल तर प्रतीमागं २० रुपये, म्हणजे २० हजार. प्रकाशकाच्या हातात आलेल्या रकमेवर असेल, आणि दुकान आणि वितरक मिळून समजा निम्मे पैसे ठेवून घेत असतील, तर प्रतीमागं १०, म्हणजे १० हजार. आणि 'निव्वळ नफ्यावर' असेल तर छपाई, गोडाऊन, जाहिरात, ऑफिसचं भाडं, साहेबांचा विमानप्रवास हे सगळं आधी वजा होतं, मग हजार काय पाच हजार प्रती खपल्या तरी नफा शून्य दाखवता येतो, आणि शून्याचे १० टक्के शून्यच. पुस्तकाला छापील किंमत धरा. फारच ताणलं तर हातात आलेली रक्कम. निव्वळ नफा कधीच नाही, नाहीतर काय काय वजा करायचं त्याची पूर्ण यादी आणि त्याला वरची मर्यादा लिहून घ्या.

हे फक्त गरीब आर्टिस्टचं होतं असं नाही. मार्व्हलचा नावाजलेला लेखक स्टॅन ली यानं २००२ मध्ये मार्व्हलवर केस केली, त्याच्या करारात सिनेमा-टीव्हीच्या नफ्यातले १० टक्के होते आणि कंपनी देत नव्हती, शेवटी २००५ मध्ये तडजोड झाली. वॉकिंग डेड हे कॉमिक लिहिणारा रॉबर्ट कर्कमन आणि त्यावरच्या टीव्ही सिरीजचे काही निर्माते यांनी २०१७ मध्ये एएमसी या अमेरिकन चॅनलवाल्या कंपनीवर केस केली. कारण काय, तर सिरीज बनवणारी पण एएमसी आणि चॅनलवर दाखवणारी पण एएमसी, मग चॅनलनं सिरीजला किती पैसे द्यायचे हे एकाच घरातले दोघं ठरवणार, आणि कर्कमनचा वाटा त्या आकड्यावर. २०२० मध्ये कोर्टानं एएमसीच्या बाजूनं निकाल दिला, कारण नफ्याची व्याख्या ठरवायचा अधिकार करारानंच कंपनीला दिलेला होता.

आपल्याकडं प्रकाशक, त्याचंच ॲप, त्याच्याच मेव्हण्याचं वितरण असा प्रकार असतो. तेव्हा एक ओळ मागा, की प्रकाशकानं स्वतःच्या किंवा संबंधित संस्थेला माल दिला तर रॉयल्टी बाहेरच्या ग्राहकाच्या भावानंच मोजली जाईल. ॲप असेल तर आणखी विचारा, सबस्क्रिप्शनचे पैसे कॉमिक्सवाल्यांत कसे वाटणार, वाचलेल्या पानांवर का एपिसोडवर, आणि तो आकडा तुम्हाला कुठं दिसणार.

ॲडव्हान्स मिळाला तर तो रॉयल्टीतून वळता होणार का, आणि खप कमी झाला तर परत द्यायचा का? परत द्यायचा नाही असं स्पष्ट लिहा. सिनेमा-सिरीज-मर्चंडाइजचे हक्क प्रकाशकामार्फत विकले गेले तर तुमचा निम्म्याच्या वरच वाटा मागा, कारण कॅरॅक्टर तुमचं आहे आणि तो फक्त मधला माणूस आहे. आणि तुम्ही स्क्रिप्ट पण लिहीत असाल तर माहीत असू द्या, सिनेमात घेतलेल्या लेखनाचा, थिएटरबाहेरच्या वापरातल्या रॉयल्टीचा बरोबरीचा हक्क लेखकाला कायद्यानं सोडताच येत नाही. चित्रकाराला ही सोय नाही, हे मला बरोबर वाटत नाही, पण सध्या तसं आहे, म्हणून चित्रकारानं ते करारात मिळवायचं.

हिशोब दर सहा महिन्यांनी लेखी, छापल्या किती, विकल्या किती, फुकट वाटल्या किती, परत आल्या किती. वर्षातून एकदा तुमच्या सीएला वह्या बघायची परवानगी, आणि ५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक निघाला तर सीएची फी प्रकाशकानं द्यायची. ही अट नुसती असली तरी हिशोब बराच नीट येतो.

हक्क परत कधी येणार

पुस्तक संपलं की हक्क परत, असं मोघम लिहिलेलं असेल तर सावध. वॉचमेन या डीसीच्या गाजलेल्या कॉमिकच्या बाबतीत करार असा होता की छपाई थांबून ठरावीक काळ गेला की हक्क लेखक-चित्रकाराला परत. १९८७ पासून पुस्तक इतकं खपत राहिलं की कंपनीनं छपाई कधी थांबवलीच नाही, आणि हक्क परत आलेच नाहीत. आता तर ई-बुकची फाइल सर्व्हरवर पडून असली तरी पुस्तक 'उपलब्ध' म्हणता येतं. म्हणून आकड्यात लिहा, उदाहरणार्थ सलग दोन वर्षं वर्षाला २०० पेक्षा कमी प्रती खपल्या तर लेखी नोटिशीनंतर ९० दिवसांत सगळे हक्क परत. आणि रॉयल्टी लागोपाठ दोनदा थकली तरी परत.

लेखक आणि चित्रकार दोघं मित्र असाल तर

मित्र आहात म्हणूनच लिहा. वॉकिंग डेडचा पहिला चित्रकार टोनी मूर कर्कमनचा लहानपणापासूनचा मित्र होता, २००५ मध्ये त्यानं आपला हिस्सा लिहून दिला आणि २०१२ मध्ये दोघं कोर्टात होते. लेखक नील गेमन आणि चित्रकार टॉड मॅकफार्लेन यांचं तर स्पॉन या कॉमिकमधल्या काही पात्रांवरून २००२ ते २०१२ चाललं, कारण शब्दानं पात्र उभं करणारा एक आणि चित्रात आणणारा दुसरा, आणि लिहून ठेवलेलं काही नाही.

स्क्रिप्टचा कॉपीराइट लेखकाचा, चित्रांचा चित्रकाराचा, पण पात्र कुणाचं? एक पान पुरतं: पात्र दोघांचं, वाटा किती-किती, एकानं सोडलं तर दुसऱ्यानं पुढं चालवायचं का, सिनेमाला द्यायला दोघांची सही लागणार का, रंग आणि लेटरिंग करणाऱ्याला ठोक पैसे का टक्के. महाराष्ट्रात आता १०० चा स्टॅम्प चालत नाही, ५०० चा घ्या.

नाव आणि मूळ पानं

कलम ५७ खाली, हक्क विकले तरी, हे मी केलंय असं सांगायचा आणि माझ्या कामाची मोडतोड करून बदनामी होत असेल तर दाद मागायचा हक्क तुमच्याकडंच राहतो. दिल्ली हायकोर्टानं २००५ मध्ये शिल्पकार अमरनाथ सहगल यांच्या विज्ञान भवनातल्या म्युरलच्या, म्हणजे भिंतीवरच्या शिल्पाच्या, खटल्यात सरकारलाच ५ लाख रुपये द्यायला लावले आणि उरलेलं म्युरल परत करायला सांगितलं. तरी करारात नाव कुठं, केवढं, कव्हरवर का आत हे लिहा. बॅटमॅन घडवण्यात वाटा असलेल्या बिल फिंगरचं नाव त्यात रीतसर यायला २०१५ उजाडलं, तो १९७४ मध्येच गेला होता.

कागदावर काढत असाल तर मूळ पानं तुमची हे वेगळं लिहा, कॉपीराइट दिला म्हणजे कागद दिला असं होत नाही. तुम्ही पहिले मालक असाल आणि मूळ चित्र पुढं कुणी १० हजार रुपयांच्या वर परत विकलं तर कलम ५३अ प्रमाणं त्यात तुमचा वाटा असतो.

पुरावा आणि नोंदणी

नोंदणी सक्तीची नाही, काढलं त्याच क्षणी कॉपीराइट तयार होतो. पण रजिस्टरमधली नोंद कोर्टात प्रथमदर्शनी पुरावा धरतात, साध्या कलाकृतीला फी ५०० रुपये, ऑनलाइन होते, अर्जानंतर हरकतींसाठी एक महिना थांबावं लागतं. मुख्य पात्राची शीट आणि पहिला भाग तरी करून घ्या, प्रकाशकाला दाखवायच्या आधी. सिरीजच्या नावाला ट्रेडमार्क वेगळा, एकट्या माणसाला ऑनलाइन एका वर्गाला ४,५०० रुपये, आणि तो तुमच्या नावावर हवा, प्रकाशकाच्या नाही. नुसत्या कल्पनेला संरक्षण नसतं, पण उभ्या केलेल्या पात्राला मिळतं, 'नागराज' या हिंदी कॉमिकच्या प्रकाशकानं तसलंच 'नागेश' हे पात्र काढणाऱ्याविरुद्ध दिल्ली हायकोर्टातून मनाई मिळवली होती.

लेयरवाल्या फायली, तारखेसकट कच्ची स्केचेस, मेल, व्हॉट्सॲप सगळं ठेवा, फोन बदलताना चॅट उडवू नका. कोर्टात देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणं प्रमाणपत्र लागतं.

पैसे अडकले तर

काम घ्यायच्या आधीच उद्यमवर, म्हणजे छोट्या उद्योगांच्या सरकारी पोर्टलवर, फुकट नोंदणी करून ठेवा, नंतर केली तर जुन्या कामाला उपयोग नाही. मग ठोक कामाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, नाही दिले तर बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं आणि सरकारकडं ऑनलाइन तक्रार करता येते. बऱ्याच वेळा नुसत्या त्या तक्रारीनं पैसे सुटतात.

चित्र चोरून वापरलं असेल तर कलम ६२ मुळं तुम्ही राहता तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो, दिल्लीला खेपा घालायची गरज नाही, आणि पुढचं अपील आलं तरी ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच आहे. पण रॉयल्टी दिली नाही हा कराराचा वाद असतो आणि तिथं 'सर्व वाद दिल्ली न्यायालयात' ही शेवटच्या पानावरची ओळ आडवी येते. तिथं कोल्हापूर लिहून घ्या, लवाद असेल तर त्याची जागा पण. ३ लाखांच्या वरचा व्यापारी दावा असेल आणि तातडीचा मनाई हुकूम नको असेल तर आधी मध्यस्थी करावीच लागते. करारच जाचक असेल तर कलम १९अ खाली तो रद्द करून मागता येतो, पण हक्क दिल्यापासून पहिली ५ वर्षं तसा आदेश होत नाही, म्हणजे ही वाट शेवटची धरा.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना आणि कमी उत्पन्न असणाऱ्यांनाही. आणि मुदत साधारण ३ वर्षांची असते, तेव्हा पहिलं स्टेटमेंट आलं नाही की त्याच महिन्यात मेल टाका, पंधरा दिवस वाट बघा, उत्तर नाही आलं तर स्पीड पोस्टानं नोटीस पाठवा आणि पोचपावती फाइलला लावा.